रात्री किती मावश्या असतात?

शनिवार. हापिसला सुट्टी, आई भाजी आणायला गेलीये, बाबा शब्दकोड्यात. लॅपटॉपवरचा कचरा साफ करायला बसलो होतो, त्यात एक एक्सेल शीट सापडली. डिलीट करायच्या आधी सहज उघडली आणि तासभर तिच्याकडे बघत बसलो. म्हणून हे लिहितोय.

शीटचं नाव ‘आजी फायनल ३’. (फायनल हे कधीच फायनल नसतं, हे आपल्या धंद्यातल्या मंडळींना सांगायला नको.) अकरा ओळी, तेवीस कॉलम. अकरा ओळी म्हणजे पुण्यातली आणि पुण्याच्या आसपासची अकरा केअर सेंटर्स, जिथे अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांना ठेवून घेतात. साधा वृद्धाश्रम नव्हे, तिथे आपण आपलं चालतं-फिरतं असावं लागतं. आणि नर्सिंग होम म्हणावं तर आपल्याकडे त्याचा अर्थ बाळंतपणाचं छोटं हॉस्पिटल. माझा स्वतःचा जन्म एका नर्सिंग होममधला आहे. त्यामुळे आमच्या घरात शेवटपर्यंत या जागेला नीट नाव मिळालंच नाही. बाबा ‘सेंटर’ म्हणायचे, आई ‘ते तिकडे’ म्हणायची आणि आत्या फोनवर सरळ ‘आश्रम’ म्हणायची, तेही अशा आवाजात की पुढचं बोलणंच खुंटावं.

२०२४ च्या गणपतीत आजी बाथरूममध्ये पडली. वय चौऱ्याऐंशी. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, रॉड बसला, पण पाय काही पुन्हा जमिनीला लागला नाही. विसरणं आधीपासून होतंच, ते ऑपरेशननंतर भराभर वाढलं. आजी बत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिक्षिका होती, वाईजवळ. आता रात्री दोन-तीनला तिची शाळा भरायची. ‘गायकवाड! पवार! जगताप!’ अशी हजेरी सुरू व्हायची. कोणी ‘हजर’ म्हटलं नाही की आवाज चढायचा.

ब्यूरोच्या बाई ठेवल्या. पहिल्या दहा दिवसांत गेल्या, दुसऱ्या मोबाइलवर असायच्या, तिसऱ्या चांगल्या होत्या तर त्यांचीच सासू आजारी पडली. रात्रीचं सगळं आईवर. बारा, दोन, चार असे अलार्म लावून ती आजीची कूस बदलायची. अडीच महिने. मग एक दिवस आईच वाकलेली सरळ होईना. एमआरआय काढला तर मणक्यातली गादी सरकलेली. डॉक्टर म्हणाले, पेशंट उचलणं आता कायमचं बंद.

आणि मी? मी शेजारच्या खोलीत जागाच असायचो. क्लायंट अमेरिकेचा, रात्री साडेबारापर्यंत कॉल. हेडफोन लावलेले असायचे. एवढंच लिहितो, बाकी तुम्ही समजून घ्या.

तर ठरलं. बाबा म्हणाले, ‘तू इंजिनियर आहेस, तू नीट अभ्यास करून शोध.’ मग मी माझ्या पद्धतीने ‘अभ्यास’ केला. प्रत्येक कॉलमला वेटेज दिलं. स्वतंत्र खोली: ८ मार्क. बाग: ५. गूगलवरचं रेटिंग: १०. डॉक्टर व्हिजिट, फिजिओ, ॲम्ब्युलन्स, सीसीटीव्ही, जेवणाचा मेनू, घरापासूनचं अंतर. भेटायच्या वेळा ठरलेल्या असतील तर त्याला ‘शिस्त’ म्हणून मी ३ मार्क दिले होते! आज तो कॉलम बघून हसावं की काय करावं कळत नाही. अकराच्या अकरा ठिकाणी मी शनिवारी सकाळी, आधी फोन करून गेलो. सगळीकडे चहा मिळाला. सगळीकडे ‘घरच्यासारखं’ हा शब्द मिळाला.

८६ मार्क मिळवून जे पहिलं आलं, तिथे दिवाळी झाल्यावर आजीला ठेवलं. शहराबाहेर, समोर हिरवळ, टाइल्स चकचकीत, कॉरिडॉरच्या टोकाला स्वतंत्र खोली. महिना पस्तीस हजार. फिनाइलचा घमघमाट, आणि सगळं कसं शांत. सकाळी अकरा वाजता गेलो तेव्हा सगळे आजी-आजोबा झोपलेले होते. मला वाटलं, वा, किती निवांत! सकाळी अकराला एकतीसपैकी जवळजवळ सगळी माणसं का झोपली असतील, हा प्रश्न मला पडला नाही. बग शोधायचे पैसे घेतो मी, बरं का.

दुसऱ्याच आठवड्यात तिथून फोन आला. मी स्टँडअपमध्ये होतो. ‘आजी रात्री ओरडतात, बाकीच्यांना त्रास होतो, डॉक्टरांनी एक गोळी सांगितलीये, सुरू करू ना?’ मी कॉल म्यूट केला, म्हटलं, ‘डॉक्टर म्हणत असतील तर करा,’ आणि अनम्यूट करून माझं स्टेटस दिलं. सगळं मिळून वीसेक सेकंद. कोणती गोळी, किती दिवस, काही विचारलं नाही. ओरडत नव्हती ती, हजेरी घेत होती. हे मला माहीत होतं आणि मी सांगितलं नाही.

त्यानंतर आजी छान शांत झाली. बाबा खूश. व्हॉट्सॲपवर रोज एक फोटो यायचा, खुर्चीत बसलेली आजी, मान थोडी कललेली. आत्यासुद्धा थोडी निवळली. डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी आई पट्टा बांधून भेटायला आली. खोलीत शिरल्या शिरल्या म्हणाली, ‘वास येतोय.’ मला फक्त फिनाइल येत होतं. आईने मला बाहेर काढलं, दार लावलं, आजीला कुशीवर केलं. आतून तिचा जो आवाज आला तो मी इथे लिहू शकत नाही.

माकडहाडावर चार सेंटीमीटरची जखम. बेडसोर. डॉक्टरांनी नंतर सांगितलं, तिसरी पायरी, म्हणजे कातडीखालच्या चरबीपर्यंत गेलेली. हे एका रात्रीत होत नाही. आधी नुसती लाली येते, बोटाने दाबल्यावरही न जाणारी. त्या वेळी दिसली तर सगळं वाचतं. पण दिसायला कोणीतरी बघावं लागतं. साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची असते, कारण हाड आणि गादी यांच्यात दबलेल्या कातडीला रक्त मिळत नाही. आपण झोपेतसुद्धा आपोआप हलतो. गोळी देऊन गुंगवलेलं माणूस हलत नाही. त्या वीस सेकंदांचा संबंध मला तेव्हा लागला.

पायाशी चार्ट टांगलेला होता. ‘पोझिशन चेंज’. दोन-दोन तासांचे रकाने, प्रत्येकात टिक. डावी कूस, उताणं, उजवी कूस, सगळं व्यवस्थित. मी घड्याळात बघितलं, दुपारचे तीन चाळीस. चार्टवर संध्याकाळच्या सहाची आणि आठचीसुद्धा टिक झालेली होती.

माझं डोकं फिरलं. कॉरिडॉरमध्ये जी मावशी भेटली तिच्यावर मी ओरडलो. खूप ओरडलो. ती पन्नाशीची, हातात ओल्या चादरींचा गठ्ठा. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, ‘दादा, रात्रीला आम्ही दोघीच असतो. चौदा पेशंट पडून हायेत. तुम्ही शिकलेले आहात, तुम्हीच हिशेब करा.’

गाडीत बसून मी खरंच हिशेब केला. अंगाने जड, पाय मोडलेल्या माणसाची कूस बदलायची तर दोघी लागतात. डायपर बघायचा, ओला असेल तर बदलायचा, चादर ओढायची, उशा लावायच्या. घाई केली तरी दहा मिनिटं. चौदा गुणिले दहा, एकशे चाळीस मिनिटं. आणि फेरी पूर्ण करायची एकशेवीस मिनिटांत. म्हणजे त्या दोघींनी रात्रभर पाणीसुद्धा न पिता काम केलं, मधे कोणी उलटी केली नाही, कोणी पडलं नाही, तरीही ते काम होऊच शकत नव्हतं. कपॅसिटी प्लॅनिंग हा माझा रोजचा धंदा आहे. सर्व्हरला झेपेल का, हे मी क्लायंटला छातीठोकपणे सांगतो. तेवीस कॉलममध्ये हा एक कॉलम नव्हता.

आणि टिक? मी दर शुक्रवारी दुपारी चार वाजता आख्ख्या आठवड्याची टाइमशीट भरतो. रोज आठ तास, रोज तोच टास्क कोड. एकदा रिलीजच्या चेकलिस्टवर न चालवलेल्या तीन टेस्टसमोर ‘पास’ लिहून घरी गेलोय. त्या मावशीवर ओरडायला मीच सापडलो होतो. (ओरडायला हवं होतं ते मालकावर. ते त्या दिवशी ‘बाहेर’ होते. नंतर एसीत बसवून त्यांनी ‘या वयात हे होतंच हो’ सांगितलं आणि डिपॉझिटमधून पंधरा दिवसांचे पैसे कापून घेतले. असो.)

माझा कॉलेजचा एक मित्र अमेरिकेत हेल्थकेअरच्या प्रोजेक्टवर आहे. त्याला रात्री फोन केला, म्हटलं, तिकडे हे कसं मोजतात? त्याने सांगितलेलं मला फार आवडलं. तिथलं सरकार २००८ पासून प्रत्येक नर्सिंग होमला एक ते पाच तारे देतं. तीन गोष्टींवरून: तपासणी, माणसांची संख्या आणि पेशंटच्या तब्येतीचे आकडे, त्यात बेडसोरही आले. तपासणीला माणसं न कळवता येतात, जास्तीत जास्त पंधरा महिन्यांत एकदा तरी, आणि कोणी आधी खबर फोडली तर त्याला दंड. पण गंमत पुढे आहे. माणसं किती हे आधी त्या-त्या होमनेच कळवायचं असायचं. मग २०१० च्या कायद्याने ठरलं की आकडे पगारपत्रकावरून घ्यायचे. ते २०१६ पासून गोळा व्हायला लागले, २०१८ पासून ताऱ्यांत धरले गेले. पगारपत्रकातून दिसलं की शनिवार-रविवारी माणसं कमी असतात, तेव्हा २०२२ पासून वीकेंडची संख्यासुद्धा ताऱ्यांत मोजायला लागले. तरी त्यातल्या पळवाटा मित्राने मला अर्धा तास ऐकवल्या. पण मी शनिवारी सकाळी दहाला, अपॉइंटमेंट घेऊन, चहा पीत काय तपासत होतो ते मला नीट कळलं.

आपल्याकडे असे तारे नाहीत. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात जिल्ह्याला निदान एक वृद्धाश्रम सरकारने काढावा असं आहे, पण तो निराधारांसाठी. पस्तीस हजार भरणाऱ्या माझ्यासारख्याने स्वतःच बघायचं.

दुसऱ्यांदा शोधलं तेव्हा आजी हॉस्पिटलमध्ये होती, जखम साफ करून घेत. शीट उघडलीच नाही. हापिस सुटल्यावर रात्री पावणेदहाला सरळ जाऊन उभा राहायचो. ‘इकडून चाललोच होतो’ अशी थाप. एका ठिकाणी गेटच उघडलं नाही. एका ठिकाणी उघडलं, पण आत दिवे बंद आणि कोणीतरी ‘बाई, बाई’ म्हणून हाका मारत होतं, मी आठ मिनिटं उभा होतो, कोणी गेलं नाही. तिथूनच परत फिरलो.

मी फार थोडं विचारायचो आणि जास्त बघायचो. पाण्याचा ग्लास कॉटवरच्या माणसाच्या हाताला पोचतो का, की समोरच्या टेबलावर शोभेला ठेवलाय. नखं कापलीयेत का. वजनाची वही आहे का, कारण म्हातारं माणूस जेवत नसलं तर ते आधी वजनात दिसतं. वास कुठे येतो. सकाळी एखाद्या कॉटपाशी लघवीचा वास येणारच, तिथे माणसं राहतात. पण कुठेच माणसाचा वास न येता नुसतं फिनाइल येत असेल तर आता मला भीती वाटते.

आणि एक प्रश्न मात्र सगळीकडे विचारला: गेल्या महिन्यात इथे किती जण पडले? एका मॅनेजर बाईंनी अभिमानाने सांगितलं, ‘आमच्याकडे कोणी पडतच नाही.’ त्यांच्या हॉलमध्ये दोन आजोबा ओढणीने खुर्चीला बांधलेले होते. पडतील कसे! दुसऱ्या एका ठिकाणी, जुना दुमजली बंगला, बाहेर रंग उडालेला, सिस्टरने काही न बोलता एक वही काढून पुढे ठेवली. तीन जण पडले होते. वेळ, जागा, कोणी पाहिलं, काय केलं. तिसऱ्या नोंदीखाली लिहिलं होतं, ‘बाथरूमचा दिवा बंद होता. आजपासून रात्रभर चालू ठेवणे.’ मी उठून बाथरूमपाशी गेलो. दिवा चालू होता.

ज्या प्रोजेक्टमध्ये एकही बग नोंदलेला नसतो तिथे बग नसतात असं नाही, तिथे टेस्टर नसतो. हे मला माझ्या पहिल्या लीडने शिकवलं होतं. बाई स्वभावाने फार कडक होत्या, आज त्यांना फोन करावासा वाटतोय.

बंगल्यात बावीस जण. त्यातले नऊ पडून. रात्री तीन मावश्या आणि एक शिकलेली सिस्टर. नऊ गुणिले दहा, नव्वद मिनिटं. बसतं. महिना बेचाळीस हजार, आणि स्वतंत्र खोली नाही, चार कॉटचा हॉल. यावरून घरी मोठं वाजलं. बाबांना ‘आपल्या आईला शेअरिंगमध्ये’ हे सहन होईना. मी त्यांना सांगितलं की कॉरिडॉरच्या टोकाच्या स्वतंत्र खोलीपुढून रात्री कोणी जातच नाही. हॉलमध्ये कोणासाठीही मावशी आली तरी तिची नजर आजीवरून जाते. बाबा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘पैशाचं बघू.’

आत्या नाशिकहून आली. जखम पाहून रडली, मग जेवताना म्हणाली, ‘वहिनीला जड झाली म्हणून हे सगळं.’ आई ताटावरून उठून गेली. मला खूप बोलायचं होतं. घरी अडीच महिन्यांत एकही बेडसोर झाला नव्हता. पेशंट एक, माणूस एक, शिफ्ट चोवीस तासांची. मी तपासलेल्या सगळ्या जागांत सगळ्यात चांगलं रेशो आमच्या घरचं होतं आणि ते एका बाईच्या पाठीवर चाललं होतं. पण मी हेडफोनवाला. कोणत्या तोंडाने बोलणार? आईच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेलो, भांडी घासली. तिने घासू दिली.

जानेवारीत आजीला बंगल्यात हलवलं. डॉक्टरांनी गोळी हळूहळू कमी करून बंद केली. पहिल्या रात्री मी मुद्दाम थांबलो, बाहेरच्या बाकावर. अडीचला शाळा भरली. ‘गायकवाड!’ मी उठलो, पण माझ्या आधी एक मावशी पोचल्या होत्या. त्यांनी आजीच्या पाठीखाली हात घातला, दुसरीने पाय धरले, आणि कूस बदलता बदलता त्या म्हणाल्या, ‘हजर, बाई.’ आम्ही दाखल करताना फॉर्मवर सवयींचा एक रकाना होता. तिथे आईने लिहिलं होतं, रात्री हजेरी घेतात, कोणी हजर म्हटलं की झोपतात. कोणीतरी तो वाचला होता.

सगळं छान आहे असं नाही. चहा भयंकर असतो. फेब्रुवारीत गीझर चार दिवस बंद होता. एका मावशीचा हात जरा जोरात पडतो, मी सिस्टरला सांगितलं, त्यांनी ‘बघते’ म्हटलं, अजून मला समाधान नाही. आजीने एकदा दुपारी स्वच्छ आवाजात विचारलं, ‘मला घरी कधी नेणार?’ आणि उत्तराची वाट बघत राहिली. मी काहीतरी बोललो. तिला ते पटलं नाही हे दिसत होतं.

सिस्टर दर सोमवारी कागदी पट्टीने जखम मोजून वहीत लिहितात. चार, साडेतीन, साडेतीन, तीन. ड्रेसिंग, हवेची गादी, आणि वरणात कालवलेली प्रोटीन पावडर, जी आजी थुंकते आणि त्या पुन्हा भरवतात. गेल्या सोमवारी दीड सेंटीमीटर.

काल रात्री पुन्हा गेलो होतो, साडेनऊला, न सांगता. गेट त्याच मावशींनी उघडलं. मी नेहमीची थाप मारणार तेवढ्यात त्या म्हणाल्या, ‘तपासायला आलात ना? या. चप्पल काढून या, आत्ताच पुसलंय.’